अस्सल कंट्री कोणतं, आणि तिकीट कशाचं काढावं?

पुण्याहून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला येऊन वर्ष झालेल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न आहे. ऑफिसातल्या दोन सहकाऱ्यांमुळे त्यांना कंट्री संगीताची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीताची, गोडी लागली, पण त्या दोघांचं आपसात पटत नाही. एकाच्या मते कृष्णवर्णीय पॉप गायिका बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ हा कंट्री अल्बमच नव्हे, पॉपवाल्यांनी काउबॉय हॅट घालून केलेली घुसखोरी आहे. दुसरीच्या मते कंट्री मुळात कृष्णवर्णीयांचंच, गोऱ्यांनी ते ढापलं. आता पुढच्या महिन्यात जवळपास दोन कार्यक्रम आहेत: एका बड्या गायकाचा स्टेडियममध्ये आणि फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजो वाजवणाऱ्या एका स्ट्रिंग बँडचा, म्हणजे तारवाद्यांच्या ताफ्याचा, छोट्या थिएटरात. परवडणार एकच. बरोबर पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. तर दोघांपैकी कोण बरोबर, कुठे जावं, आणि त्या गर्दीत आपण उपरे वाटू का, असं त्यांनी विचारलंय.

मी व्हायोलिन शिकले पुण्यात, गायकी अंगाने, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून. गेली बरीच वर्षं नॉर्थ कॅरोलायनात फिडल वाजवते आणि शिकवते. लग्नांत गाजलेली कंट्री गाणी वाजवणाऱ्या बँडबरोबर असते, तशीच कुणाच्या तरी ओसरीवर जमणाऱ्या ओल्ड-टाइम जॅममध्येही, म्हणजे जुन्या लोकधुना एकत्र बसून वाजवण्यातही, असते. त्यामुळे हा वाद मी दोन्ही बाजूंनी सतत ऐकते, आणि तो रिकामटेकड्यांचा वाद आहे असं मला वाटत नाही. त्यात माणसांचं श्रेय आणि पोट अडकलेलं आहे.

तुमच्या सहकाऱ्यांचं जुळत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. ‘हे कंट्री आहे का’ या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले असतात. कानाला ते कंट्री वाटतं का? बाजाराने, म्हणजे रेडिओ, चार्ट आणि पुरस्कारवाल्यांनी, त्याला कंट्रीच्या कप्प्यात ठेवलंय का? आणि ते गाणारा माणूस कंट्रीचा मानला जातो का? ही तीन उत्तरं बऱ्याचदा एकमेकांशी जुळत नाहीत. वाद तिथेच पेटतो.

आधी कानाचं बघू, कारण तिथे हाताला काहीतरी लागतं.

ओल्ड-टाइम फिडलवाले अनेक धुनांसाठी तारा नेहमीच्या जी-डी-ए-ई अशा न ठेवता ए-ई-ए-ई अशा लावतात. म्हणजे काय, तर सा-प, सा-प. आपल्याकडेही व्हायोलिन सा-प च्या जोड्यांतच लावतात. इथे आल्यावर पहिल्यांदा ती जुळणी करून गज फिरवला तेव्हा मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. शेजारची मोकळी तार सतत बरोबर बोलत ठेवायची, हे हाताला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते गजाचं काम. आपण मींडेसाठी गज लांब ओढतो, सूर तुटू देत नाही. इथे गज म्हणजे ठेका. एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड, आणि जोर अपेक्षेच्या मात्रेवर न देता तिच्या शेजारच्या मात्रेवर. शिकायला आलेल्या मुलांना मी डाव्या हाताने काही करूच देत नाही सुरुवातीला; नुसत्या मोकळ्या तारांवर हा ठेका वाजवायचा, समोरच्याचा पाय हलेपर्यंत.

आता बँजो घ्या. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांड्याच्या मध्यावर बसवलेली असते, आणि ती अंगठ्याने वाजते. क्लॉहॅमर नावाच्या पद्धतीत पहिल्या किंवा मधल्या बोटाच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली पडते आणि लगेच अंगठा त्या आखूड तारेवर. सेनेगल-गांबियाच्या पट्ट्यातल्या जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आहे: भोपळ्याचं अंग, वर ताणलेलं कातडं, काठीची मान, एक आखूड तार, आणि वाजवायची पद्धत जवळपास हीच. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि मग अमेरिकेत भोपळ्याचे बँजो बनवले. गोरे लोक ते मोठ्या प्रमाणावर वाजवायला लागले ते एकोणिसाव्या शतकात, तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांमधून. ज्या वाद्याच्या आवाजावर आज लोक डोळे मिटून ‘गोरा डोंगराळ अमेरिकन’ म्हणतात, त्याचा प्रवास हा आहे.

पण कान इथेच थांबत नाही. फिडलच्या कितीतरी धुना आणि लांबलचक कथागीतं स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडमधून आली, आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशियन डोंगरांतल्या गरीब घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. कंट्रीतली काळीज पिळवटणारी जी स्टील गिटार (तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायची), ती हवाईची. तीच हवाईयन गिटार आपल्याकडे हिंदी गाण्यांच्या धुना वाजवत घराघरांत पोहोचली, ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडले, आणि विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा राय कूडर यांच्या अमेरिकन स्लाइड गिटारशेजारी बसली तेव्हा दोघांना १९९४ चा ग्रॅमी मिळाला. टेक्ससकडे गेलात तर मेक्सिकन गाण्याचा हात लागतो. फ्रेडी फेंडर या नावाने गाजलेले गायक जन्माने बाल्डेमार वेर्ता. तेव्हा कानाच्या बाजूने विचाराल तर कंट्रीचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नाही. तुमची सहकारी म्हणते त्यात मोठं तथ्य आहे, पण ‘फक्त’ हा शब्द लावला की ते चुकतं.

आता बाजार. १९२० च्या दशकात ग्रामोफोन कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत विकायला दोन वेगळे कॅटलॉग केले. कृष्णवर्णीय कलाकारांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या ग्रामीण कलाकारांसाठी ‘हिलबिली’ किंवा तत्सम नावं. दोन्हीकडे ध्वनिमुद्रण करणारा एकच माणूस ठळक दिसतो, राल्फ पिअर. १९२० मध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेच्या ब्लूज ध्वनिमुद्रणात ते होते, १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन’ जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवादकाचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं, आणि १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावात, टेनेसी आणि व्हर्जिनियाची सीमा ज्या रस्त्याच्या मधोमध जाते त्या स्टेट स्ट्रीटवर, कार्टर फॅमिली हे गाणारं कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स यांना त्यांनीच पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. कंट्रीचा जन्म लोक तिथून धरतात. डोंगरातल्या नाचात, रेल्वेच्या कामावर, कोळशाच्या खाणीत काळे-गोरे एकमेकांकडून उचलत होते. कॅटलॉगमध्ये मात्र भिंत आली, आणि नंतर आलेल्या रेडिओ आणि चार्टवाल्यांनी तीच भिंत पक्की केली.

भिंत किती कागदी होती याचा पुरावा जिमी रॉजर्स यांच्याच गाण्यात आहे. १९३० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी ‘ब्लू योडेल नं. ९’ ध्वनिमुद्रित केलं. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर लिल हार्डिन, दोघेही कृष्णवर्णीय जॅझ वादक. तबकडीवर मात्र त्या दोघांची नावं नव्हती. मुलांना शिकवताना मी हे गाणं नेहमी लावते. ‘कंट्रीचे जनक’ आणि जॅझचा सर्वांत मोठा माणूस एका खोलीत, आणि दोघांनाही काही अडत नाहीये.

आपल्या काळात या. १९८८ मध्ये ट्रेसी चॅपमन यांचं ‘फास्ट कार’ आलं तेव्हा कुणी त्याला कंट्री म्हटलं नाही. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या आपल्याच नॉर्थ कॅरोलायनाच्या गायकाने ते गायलं. शब्द तेच, चाल तीच. गाण्यातली मुलगीसुद्धा त्याने मुलगीच ठेवली. ते कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेलं आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा, म्हणजे सीएमएचा, त्या वर्षीच्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार चॅपमन यांना मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार. कोम्ब्स यांनी हे अतिशय आदराने केलं, दोघांनी २०२४ च्या ग्रॅमीत ते एकत्र गायलंही. पण तुमच्या पहिल्या सहकाऱ्याला विचारा: हे गाणं कंट्री कधी झालं? कानाला विचाराल तर एका गरीब मुलीची गावातून निसटायची गोष्ट, एका गिटारवर. पहिल्या दिवसापासून ते कंट्रीच्या अंगणात होतं. बदलला तो गाणारा माणूस आणि गाण्याला लावलेला कप्पा.

याच्या उलटही झालं. मार्च २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने, म्हणजे गाण्यांचे चार्ट काढणाऱ्या मासिकाने, कंट्री चार्टवरून काढलं. आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असं कारण दिलं. नंतर ते सर्वसाधारण चार्टवर १९ आठवडे पहिलं राहिलं. माझ्या कानाला ते गाणं काठावरचं वाटतं, हिप-हॉपमधला ट्रॅपचा ठेका आणि वर बँजोचा तुकडा. पण त्याच काळात कंट्री रेडिओवर तसेच ठेके घेणारी गोऱ्या गायकांची कितीतरी गाणी बिनबोभाट वाजत होती. फूटपट्टी लावायची तर सगळ्यांना एकच लावावी, एवढंच माझं म्हणणं.

तर ‘काउबॉय कार्टर’. मी तो अल्बम वाजवणाऱ्याच्या कानाने पुन्हा पुन्हा ऐकलाय. ‘टेक्सस होल्डेम’ सुरू होतं ते ऱ्हियानन गिडन्स यांच्या बँजोने, आणि त्या बाई नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रीन्सबरोच्या, या वाद्याचा आफ्रिकी इतिहास आयुष्यभर शोधत आलेल्या. ‘सिक्स्टीन कॅरिजेस’मध्ये रॉबर्ट रँडॉल्फ यांची स्टील गिटार आहे. ही दोन गाणी कंट्री नाहीत असं म्हणणाऱ्याने ती ऐकलेलीच नाहीत. त्याच अल्बममध्ये रॉक अँड रोल आहे, रॅप आहे, ज्यांना मी कंट्री म्हणणार नाही. बियॉन्से स्वतःच म्हणाली होती की हा कंट्री अल्बम नाही, ‘बियॉन्से अल्बम’ आहे. मला ते प्रामाणिक वाटतं. म्हणून तुमचा पहिला सहकारी ‘सगळा अल्बम कंट्री नाही’ म्हणत असेल तर मी त्याच्याशी सहमत आहे. ‘ती कंट्री गाऊच शकत नाही’ म्हणत असेल तर मुळीच नाही. बाजाराने मात्र नेहमीप्रमाणे दोन तोंडांनी उत्तर दिलं: २०२४ च्या सीएमए पुरस्कारांत एकही नामांकन नाही, आणि २०२५ च्या ग्रॅमीत सर्वोत्तम कंट्री अल्बम. त्यानंतर ग्रॅमीवाल्यांनी पुढच्या वर्षापासून कंट्री अल्बमचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन पुरस्कार केले.

आता राहिला माणूस, आणि या बाबतीत मी तुमच्या सहकारी बाईंच्या बाजूला जास्त झुकते.

नॅशव्हिलच्या ज्या रेडिओ कार्यक्रमाला आज कंट्रीचं देऊळ मानतात त्या ग्रँड ओल ऑप्रीच्या पहिल्या लोकप्रिय कलाकारांपैकी एक होते डीफोर्ड बेली, कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक. तोंडाच्या वाद्यावर धावत्या आगगाडीचा आवाज असा काढायचे की ऐकणाऱ्याला रूळ दिसावेत. १९२७ मध्ये कार्यक्रमाला ते नाव मिळालं तेही निवेदक जॉर्ज हे यांच्या तोंडून, बेली यांच्या वादनानंतरच. १९४१ मध्ये त्यांना काढून टाकलं. पुढची वर्षं त्यांनी बूटपॉलिशच्या दुकानावर काढली. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं २००५ मध्ये, ते गेल्यावर तेवीस वर्षांनी.

लेस्ली रिडल यांचं नाव तर अनेक चाहत्यांना ठाऊकच नाही. कार्टर फॅमिलीतले ए. पी. कार्टर गाणी गोळा करत डोंगरांत फिरायचे तेव्हा हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्याबरोबर असायचे. कार्टर शब्द लिहून घ्यायचे, चाल लक्षात ठेवायचे रिडल. गाण्यांवर नाव लागलं कार्टर यांचं. दोघांची दोस्ती खरी होती, म्हणून ‘ढापलं’ हा शब्द मी इथे वापरणार नाही. पण हक्कांचे पैसे ज्या व्यवस्थेतून वाटले जायचे, तिच्यात रिडल यांना जागाच नव्हती. कंट्रीचे नामवंत गायक हॅन्क विल्यम्स गिटार शिकले कृष्णवर्णीय वादक रूफस ‘टी-टॉट’ पेन यांच्याकडून, ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेचे जनक बिल मन्रो लहानपणी नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचे आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबर. दोघांनीही आपल्या या गुरूंचं ऋण जाहीर मान्य केलं. मुद्दा असा, की शिकवणारे आत होते, मंचावर आणि तबकडीवर मात्र बाहेर.

कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइड यांची पहिली गाणी १९६६ मध्ये रेडिओ स्टेशनांना पाठवली तेव्हा कंपनीने फोटो जोडला नाही. आवाज ऐकून लोकांनी ते आपलेसे केले. १९७१ मध्ये सीएमएने त्यांना एंटरटेनर ऑफ द इयर ठरवलं. लिंडा मार्टेल १९६९ मध्ये ऑप्रीवर गाणारी पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका. ज्या कंपनीने तिची गाणी काढली तिचं नावच ‘प्लँटेशन रेकॉर्ड्स’ होतं. गुलामांच्या मळ्यांचं नाव, आणि ते तिला तेव्हाही खुपलं. एका अल्बमनंतर तिची कारकीर्द विझली. बियॉन्सेच्या अल्बमवर तिचा आवाज ऐकू आला तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती.

आणि ‘अस्सल गावाकडचा’ हा चेहरा तरी किती अस्सल? ऑप्रीचे सुरुवातीचे वादक कोट-टाय घालून यायचे. त्यातले हम्फ्री बेट हे तर व्हँडरबिल्ट विद्यापीठातून शिकलेले डॉक्टर. त्यांच्या बँडला ‘पॉसम हंटर्स’ हे नाव जॉर्ज हे यांनी दिलं आणि फोटोत त्यांना शेतमजुराचे कपडे चढवले, कारण श्रोत्यांना तेच हवं होतं. चमकीचे, भरतकामाचे ते काउबॉय सूट शिवले नूडी कोन यांनी, जे कीव्हमध्ये जन्मलेले ज्यू शिंपी. मला यात लबाडी दिसत नाही, मंचाला पोशाख लागतोच. पण गोऱ्या गायकाचा पोशाख ‘परंपरा’ आणि काळ्या गायिकेची काउबॉय हॅट ‘सोंग’, हा न्याय मला मान्य नाही. टेक्ससमध्ये वाढलेल्या बाईला काउबॉय हॅट कुणाकडून उसनी आणावी लागत नाही.

इथवर थोडक्यात: कंट्रीची मुळं मिश्र आहेत, भिंत विक्रीसाठी बांधली गेली, आणि तिची किंमत ठरावीक माणसांनी मोजली. म्हणून एखाद्या कलाकाराबद्दल मत बनवताना मी दोन गोष्टी बघते. हाताशी काय आहे, म्हणजे वाजवतो-गातो काय. आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांची नावं घेतो का. या दोन कसोट्यांवर गोरे, काळे, जुने, नवे सगळे उतरू शकतात, आणि सगळ्यांतले काही जण नापासही होतात.

आता तिकीट. हे परिस्थितीवर आहे, म्हणून थोडं उलगडून सांगते. त्या बड्या गायकाची गाणी तुम्ही वर्षभर गाडीत एकत्र गात असाल, मुलीला पाठ असतील, तर बिनदिक्कत स्टेडियमला जा. हजारो माणसांबरोबर एक धृपद गायचा आनंद थिएटरात मिळत नाही, आणि तो हलक्या दर्जाचा आनंद नाही. पण तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं की तुम्हाला हे संगीत समजून घ्यायचंय. तसं असेल तर थिएटर.

कारण सांगते. मोठ्या शोमध्ये बँड कानातल्या क्लिकवर, म्हणजे इयरफोनमधल्या ठरलेल्या टक-टक तालावर, वाजतो, दिवे आणि पडद्यावरचे व्हिडिओ त्याला जुळलेले असतात, आणि बऱ्याचदा आधी ध्वनिमुद्रित केलेले थर मागे चालू असतात. वादक उत्तमच असतात, पण काल वाजवलं तेच आज वाजवायला बांधलेले. फिडल स्क्रीनवर दिसतं, मिश्रणात कुठेतरी हरवतं. स्ट्रिंग बँड मात्र एकाच मायक्रोफोनभोवती उभा राहिला तर बघा: ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे अर्धं पाऊल मागे सरकतात, आवाजाचा तोल बटणांनी नाही, पायांनी सांभाळला जातो. सात वर्षांच्या मुलीला कुठला आवाज कुठल्या हातातून येतो हे तिथे डोळ्यांनी कळेल. शक्य असेल तर बाजूची पण पुढची जागा घ्या, बँजोवाल्याचा उजवा हात दिसेल अशी.

तिकीट काढण्याआधी एक करा. दोन्ही कलाकारांचे अलीकडचे प्रत्यक्ष कार्यक्रमांचे व्हिडिओ बघा, स्टुडिओतली गाणी नव्हे. मंचावर फिडल किंवा स्टील वाजवणारा माणूस खरोखर उभा आहे का? आधी कोण वाजवणार आहे? मुख्य नावापेक्षा सुरुवातीच्या बँडमध्येच जास्त जीव असतो, असं मी अनेकदा पाहिलंय. स्टेडियमचं ठरवलंत तर शुल्कासकट तिकिटाची पूर्ण किंमत आणि पार्किंग धरून हिशेब करा. मागणी वाढली की दर बदलत राहतात, आणि अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत ते कधी उतरतातही. पारदर्शक पिशवीचा नियम बहुतेक ठिकाणी असतो, तोही बघून घ्या.

शेवटचा प्रश्न, उपरे वाटण्याचा. त्याला मी गोड उत्तर देणार नाही. मी इथे फिडल घेऊन कुठेही गेले की लोक बघतात. बहुतेक वेळा त्या बघण्यात कुतूहल असतं, आणि पहिली धून वाजवून झाली की गप्पा गावांवरून धुनांवर येतात. पण एक-दोन ठिकाणं अशीही होती जिथून पहिला सेट संपल्यावर मी वाद्य पेटीत घालून निघाले. मोठ्या शोच्या आधी पार्किंगमध्ये तासन्‌तास पिणं चालतं, काही गाड्यांवर कॉन्फेडरेट झेंडे (यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणी राज्यांचे) दिसू शकतात. नॅशव्हिलच्या सीएमए फेस्टने २०२२ पासून त्या झेंड्याला बंदी घातली, म्हणजे आयोजकांनाही प्रश्न कळलाय. लहान मुलीला घेऊन जाताना मी पार्किंगच्या त्या मैफलीत रेंगाळणार नाही, वेळेवर जाईन, बसायच्या खुर्च्यांच्या विभागातलं तिकीट काढीन. थिएटरात हा प्रश्न जवळपास येत नाही.

कुटुंबासकट बिनधास्त जायच्या जागा हव्या असतील तर आपल्या भागातून गाडीने तीन तासांच्या आसपास व्हर्जिनियात फ्लॉइड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या फ्लॉइड कंट्री स्टोअरमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी आधी गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, आणि मग नाचाचा बँड असतो. आजोबा, नाती, सगळे लाकडी जमिनीवर पायांनी ठेका धरतात. पुढे हिल्टन्सला कार्टर फॅमिली फोल्डमध्ये दर शनिवारी विजेच्या वाद्यांशिवायचं संगीत असतं, ए. पी. कार्टर यांच्याच अंगणात. एप्रिलच्या शेवटी आपल्याच राज्यात विल्क्सबरोला मर्लफेस्ट हा संगीत महोत्सव भरतो, गिटारवादक डॉक वॉटसन यांनी मर्ल या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ सुरू केलेला, आणि तिथे मुलांसाठी वेगळं अंगण असतं. ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सचं फिडल संमेलन, १९३५ पासूनचं. तिथे मंचापेक्षा तंबूंमधले जॅम ऐका. आणि आमच्या डरममध्ये २०२५ मध्ये ऱ्हियानन गिडन्स यांनी कृष्णवर्णीय संगीताचा ‘बिस्किट्स अँड बँजोज’ हा उत्सव भरवला, ज्यात त्यांचा जुना बँड कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स पुन्हा एकत्र आला. या बँडला धुना शिकवल्या त्या मेबनचे कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांनी. त्यांचं घर तुमच्या घरापासून तासाभराच्या आत होतं. त्या उत्सवाच्या पुढच्या घोषणेवर लक्ष ठेवा आणि दोन्ही सहकाऱ्यांना बरोबर न्या.

जॅमला गेलात तर एवढंच: वर्तुळाच्या बाहेर बसा, वाजवणाऱ्यांच्या मधून चालत जाऊ नका. धून अनेकदा फिरून येते, कंटाळू नका, प्रत्येक फेरीत गजाचं काहीतरी वेगळं घडतं. सुरू करणारा एक पाय वर उचलतो तेव्हा ती शेवटची फेरी. मुलीला हे आधी सांगून ठेवा, तो पाय कधी उचलला जातो यावर तिचं लक्ष राहील. आणि स्टेडियम असो की थिएटर, तिच्यासाठी कानावर बसणारे आवाज कमी करणारे मफ घ्या; लहान मुलांच्या कानांना मोठ्यांच्या फोमच्या गोळ्या नीट बसत नाहीत.

बँडचं नाव कळवलंत तर त्यांच्या कुठल्या धुना आधी ऐकून जाव्यात ते सांगू शकेन.